अमेरिकेतल्या एलएलसीसाठी ईआयएन काढताय? या चुका टाळा

"ताई, एलएलसी झाली, ईआयएनही आला, पण तो भावाच्या नावावर आहे. आता काय करू?" गेल्या महिन्यात हा फोन पुन्हा आला. माणूस वेगळा, गाव वेगळं, चूक तीच. मी पुण्यात बसून छोट्या व्यावसायिकांची परदेशी कागदपत्रं बघते. एलएलसी म्हणजे अमेरिकेतली मर्यादित जबाबदारीची कंपनी. ईआयएनचा अर्ज, म्हणजे एसएस-४ फॉर्म, जेमतेम एका पानाचा आहे. त्या एका पानावर घाईत केलेलं निस्तरताना लोकांचं वर्ष-वर्ष गेलेलं पाहिलंय, म्हणून हे लिहितेय.

ईआयएन हा अमेरिकेच्या कर खात्याने, आयआरएसने, धंद्याला दिलेला नऊ आकडी क्रमांक. आधी दोन आकडे, मग रेघ, मग सात. बँक खातं, पेमेंट गेटवे, तिथलं विवरणपत्र, सगळीकडे तोच लागतो. आणि तो फुकट मिळतो. एजंटला तुम्ही जे डॉलर देता ते त्याच्या कामाचे. खुशाल द्या, पण सरकारी फी म्हणून कुणी मागत असेल तर तो खोटं बोलतोय.

न्यू जर्सीतल्या भावाचा एसएसएन

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ऑनलाइन अर्ज केला की नंबर काही मिनिटांत समोर येतो. पण तो अर्ज करायला 'रिस्पॉन्सिबल पार्टी'कडे, म्हणजे धंद्याचा ताबा ज्याच्या हातात आहे त्या व्यक्तीकडे, अमेरिकेचा एसएसएन (तिथला सोशल सिक्युरिटी क्रमांक) किंवा आयटीआयएन (एसएसएन नसलेल्यांना मिळणारा वैयक्तिक कर क्रमांक) लागतो. इथल्या माणसाकडे तो नसतो. मग आठवतो अमेरिकेतला नातेवाईक.

नाशिकचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. घरून सॉफ्टवेअर बनवायचा, गिऱ्हाईक सगळं परदेशातलं, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एलएलसी काढलेली. रात्री मावसभावाला मेसेज केला, भावाने आपला एसएसएन टाकून अर्ज केला, सकाळी नंबर हजर. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस बँकेने ईआयएनचं खात्रीपत्र मागितलं. मूळ पत्राला सीपी ५७५ म्हणतात, ते एकदाच निघतं. ऑनलाइन अर्जात ते तिथल्या तिथे उतरवून घ्यायचं असतं, आणि भावाने नंबर लिहून घेऊन खिडकी बंद केली होती. त्याऐवजी १४७सी नावाचं पत्र फोनवर मागता येतं. मुलाने फोन केला, पाऊण तास थांबला, आणि समोरच्या बाईंनी नाव ऐकून नम्रपणे नकार दिला. आयआरएसच्या दप्तरी कंपनीचा माणूस भाऊ होता, हा नव्हे.

भाऊ तोवर नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलेला. त्याच्या बायकोने विचारलं, "या कंपनीचा कर उद्या आमच्या गळ्यात आला तर?" प्रश्न अगदी रास्त होता. बँकेने खातं थांबवलं, दोन गिऱ्हाइकांचे पैसे अडकले. आम्ही ८८२२-बी हा फॉर्म भरून पोस्टाने पाठवला. जबाबदार व्यक्ती बदलली की साठ दिवसांत तो द्यायचा असतो. इथे ती बदललीच नव्हती, पहिल्या दिवसापासून चुकीची होती. पोच यायला दोन महिने लागले. त्या दिवाळीत दोन्ही घरांत एकमेकांना फोन झाला नाही, हे त्या मुलाने मला मान खाली घालून सांगितलं.

खरी वाट अगदी साधी आहे. फॉर्मच्या ७ए रकान्यात स्वतःचं नाव लिहा आणि ७बीमध्ये, जिथे एसएसएन मागतात, इंग्रजीत 'फॉरेन' लिहा. आयआरएसच्या सूचनांतच ही सोय आहे. एसएसएन नसणं हा गुन्हा नाही, लपवण्यासारखंही काही नाही. त्या रकान्यात पॅन किंवा आधार लिहू नका. "आधी आयटीआयएन काढा, मग ईआयएन" असं सांगणाऱ्याचंही ऐकू नका. त्यात काही महिने वाया जातात आणि गरज शून्य असते.

एकच अर्ज तीनदा पाठवणं

एसएसएन नसेल तर अर्ज फॅक्सने किंवा पोस्टाने जातो. धंद्याचं मुख्य ठिकाण अमेरिकेबाहेर असेल तर फोनवरही करता येतो. पोस्टाला चार-पाच आठवडे लागतात. फॅक्सला कागदोपत्री चार कामकाजाचे दिवस, पण आपल्यासारख्यांच्या अर्जांना कित्येक आठवडे लागलेले मी पाहिलेत. इथे लोकांचा धीर सुटतो.

ठाण्याच्या एका ताईंनी इंटरनेट फॅक्सची सात दिवसांची मोफत चाचणी घेतली, अर्ज पाठवला, आणि आठव्या दिवशी पैसे कापले जाऊ नयेत म्हणून ती सेवा बंद केली. उत्तर त्याच फॅक्स क्रमांकावर येणार होतं. ते कधी आलं, कुठे गेलं, कळलंच नाही. वाट पाहून त्यांनी दुसऱ्या सेवेवरून पुन्हा अर्ज पाठवला, शिवाय एक पोस्टानेही टाकला. हाती दुसराच नंबर आला, तो त्यांनी बँकेला दिला. मग पहिल्या नंबराचं पत्र त्यांच्या कंपनीच्या वायोमिंगच्या पत्त्यावर पोहोचलं. एका कंपनीचे दोन ईआयएन! एकदा दिलेला ईआयएन रद्द होत नाही, फार तर त्यावरचं खातं बंद करून घेता येतं. त्यासाठी कारण लिहून आयआरएसला पत्र पाठवावं लागतं आणि पुन्हा वाट बघावी लागते.

एका कंपनीसाठी एकच मार्ग धरा, असं फॉर्मच्या सूचनेतच लिहिलंय. मी फॅक्सची सेवा तीन महिन्यांसाठी पैसे भरून घेते. पाठवल्याची पोचपावती छापून अर्जाच्या प्रतीला टाचते आणि तारीख वर लाल पेनने लिहिते. सहा आठवडे होईपर्यंत मी दुसरा अर्ज पाठवत नाही. त्यानंतरही आधी फोन करून विचारते. परदेशी अर्जदारांसाठीची लाइन त्यांच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने सकाळी ६ ते रात्री ११ चालू असते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या दुपारी साडेतीनला उघडते, हिवाळ्यात साडेचारला. उघडल्या उघडल्या फोन लावायचा, भरलेला फॉर्म समोर ठेवायचा. फोन टोल-फ्री नाही, त्यामुळे इंटरनेट कॉलिंगमध्ये थोडे पैसे भरून ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

तारीख. अमेरिकेत महिना आधी येतो. ५ जुलै लिहायला ०५/०७ लिहिलंत तर ती ७ मे झाली, आणि तुमची कंपनी स्थापनेच्या दोन महिने आधीच सुरू झाली.

हिशेबाचं वर्ष संपण्याचा महिना. आपला हात आपोआप मार्च लिहितो. एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला सहसा डिसेंबर लागतो.

राज्याकडून कंपनी मंजूर होण्याआधी अर्ज करू नका. एलएलसीचं नाव राज्याच्या कागदावर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

आपलं नाव पासपोर्टप्रमाणे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, आणि लग्न झालेल्या बायकांच्या पासपोर्टवर एक, पॅनवर दुसरं असं खूप वेळा दिसतं. आधी ते जुळवा. पुढे बँक पासपोर्टच बघणार आहे.

एलएलसीला 'कॉर्पोरेशन'वर खूण करू नका. एकटे परदेशी मालक असाल तर ९एमध्ये 'अदर' धरून परदेशी मालकीची डिसरिगार्डेड एन्टिटी, म्हणजे करासाठी मालकापासून वेगळी न धरली जाणारी कंपनी, असल्याचं लिहायचं. बायकोला किंवा भावाला सभासद म्हणून घेतलंत की प्रकरण बदलतं. दोन सभासद म्हणजे भागीदारी, आणि भागीदारीचं विवरणपत्र, १०६५, वेगळं भरावं लागतं. विचारपूर्वक घ्या.

पत्रव्यवहाराला रजिस्टर्ड एजंटचा, म्हणजे कंपनीची सरकारी पत्रं घ्यायला त्या राज्यात नेमलेल्या माणसाचा, पत्ता देणार असाल तर तो कर खात्याची टपाल पुढे पाठवतो का, हे आधी लेखी विचारा. काही एजंट फक्त कोर्टाची आणि राज्याची पत्रं घेतात, बाकीची परत करतात. मी शक्यतो भारतातला पत्ताच देते. पत्र उशिरा येतं, पण येतं.

सही पेनने करा. मदत करणाऱ्याचं नाव 'थर्ड पार्टी डेझिग्नी'मध्ये घातलंत तरी त्याचा अधिकार नंबर मिळताच संपतो. पुढच्या प्रत्येक पत्राला उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

नंबर आल्यावर स्वस्थ बसणं

नव्या लोकांवर मी जर कधी चिडत असेन तर ती इथे. "धंदा झालाच नाही ताई, मग काय भरायचं?" असं म्हणत लोक येतात. २०१७ पासून एकट्या परदेशी मालकाच्या अमेरिकी एलएलसीला मालकाशी झालेल्या व्यवहारांसाठी फॉर्म ५४७२ द्यावा लागतो, सोबत ११२० चं, म्हणजे कॉर्पोरेशनच्या विवरणपत्राचं, नाममात्र भरलेलं पान. कर शून्य असला तरी. तुम्ही कंपनी काढायला स्वतःच्या खिशातून भरलेले पैसेही त्यात व्यवहार म्हणून धरले जातात. फॉर्म न भरल्याचा दंड २५,००० डॉलर आहे. वर्षभरात शंभर डॉलरची विक्री न झालेल्या माणसाला हा आकडा सांगताना मला आजही जड जातं.

भारतातल्या विवरणपत्रात शेड्यूल एफएमध्येही, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यातही, ही कंपनी दाखवायची असते, तुमच्या सीएला पहिल्या वर्षीच सांगा. पैसे पाठवण्याआधी बँकेत परदेशी गुंतवणुकीचे कागद विचारून घ्या.

५४७२ ची शेवटची तारीख १५ एप्रिल. मुदतवाढ हवी असेल तर ७००४ हा फॉर्म त्याच तारखेआधी जायला हवा. माझ्याकडे ईआयएन घ्यायला आलेल्या माणसाला मी त्याच बैठकीत फोन काढायला लावते आणि १ मार्चची दरवर्षी वाजणारी आठवण लावून घेते. लावल्याशिवाय फाइल हातात देत नाही.