क्लॅटच्या फॉर्मवरचं ते एक पान

क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय कायदा विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, मी दोनदा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये १५० प्रश्न होते, डिसेंबर २०२३ मध्ये १२०. वेळ दोन्ही वेळा दोन तासच. दुसऱ्यांदा द्यावी लागली ती काही पेपर अवघड गेला म्हणून नाही, पेपर बरा गेला होता. माझं वर्ष गेलं ते फॉर्मवरच्या एका पानामुळे. त्या पानाबद्दल मी पुढे कंटाळा येईपर्यंत बोलणार आहे, तेव्हा आधी बाकीचं उरकते.

बारावीनंतरचा कायद्याचा पाच वर्षांचा कोर्स म्हणजे काय, एनएलयू (राष्ट्रीय विधी विद्यापीठ) म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असणारच. उतरंडही पाठ असेल: बंगळुरू, मग हैदराबादचं नालसार, मग कोलकात्याचं एनयूजेएस, आणि या रांगेत न बसता स्वतःची परीक्षा घेणारी दिल्ली. ही उतरंड बरीचशी वयावर ठरलेली आहे. कायद्याचे प्राध्यापक माधव मेनन यांनी उभ्या केलेल्या बंगळुरूची पहिली बॅच १९८८ ची. नालसार १९९८ चं, एनयूजेएस १९९९ चं, दिल्ली २००८ चं. आपली मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची तिन्ही गेल्या दहा-बारा वर्षांतली. जुन्या विद्यापीठाचे जुने विद्यार्थी आता मोठ्या लॉ फर्ममध्ये पार्टनर झालेत, इंटर्नशिपसाठी मेल पाठवला तर उत्तर त्यांच्याकडून येतं. खरा फरक हा आहे. वर्गात शिकवण्यात तेवढा फरक असतो असं मला वाटत नाही, आणि हे मी द्राक्षं आंबट म्हणून बोलत नाहीये (थोडं बोलतेय).

एक मात्र आधी कळलेलं बरं. बंगळुरूला सेमिस्टर नाहीत, ट्रायमेस्टर आहेत. वर्षातून तीनदा परीक्षा, तीनदा प्रोजेक्ट. तिथे असलेली माझी मैत्रीण दिवाळीत घरी आली तरी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवत नाही.

आता परीक्षांबद्दल. क्लॅटला मराठी पर्याय नाही, सगळा पेपर इंग्रजीत. साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्यावर प्रश्न, असं पानामागून पान. लीगल रीझनिंगमध्येही नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो समोरच्या प्रसंगाला लावायचा. कायद्याची कलमं पाठ करणारी मुलं इथे उलट फसतात, कारण ती उताऱ्यातलं सोडून डोक्यातलं लिहितात. गणित दहावीपर्यंतचं, दहा ते चौदा प्रश्न, शेकडेवारी आणि गुणोत्तराच्या पुढे फारसं जात नाही. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. परीक्षा कागदावर असते, गोळे काळे करायचे असतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळे गोळे एकदम करू म्हणणाऱ्यांचं काय होतं ते मी पुण्याच्या सेंटरवर शेजारच्या बाकावर पाहिलंय.

दिल्लीच्या एनएलयूची परीक्षा आयलेट दिसायला क्लॅटची बहीण, पण स्वभाव वेगळा. दोन तासांत १५० प्रश्न: इंग्रजी ५०, चालू घडामोडी ३०, लॉजिकल रीझनिंग ७०. गणित नाही. म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. क्लॅटच्या सवयीने शांतपणे वाचत बसलात तर तीसेक प्रश्न बघायचेच राहून जातात. माझे राहिले. जागा जेमतेम ११०, तेव्हा आयलेट 'जाता जाता' द्यायची परीक्षा नाही. द्यायचीच असेल तर तिचे वेगळे मॉक (सराव पेपर) घड्याळ लावून सोडवा.

आणि आपली एमएच सीईटी, राज्यातल्या लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा. इथे क्लॅटवाल्यांची मिजास उतरते. चुकीला गुण वजा नाहीत, पेपर मराठीतही दिसतो, मग काय, हसत काढू! तर नाही. सीईटीत घटनेची कलमं, लॅटिन संज्ञा, पाठांतराचं जीके थेट विचारतात. उतारा वाचून नियम लावायची क्लॅटची तयारी तिथे पुरत नाही. पहिल्या वर्षी क्लॅटच्या निकालानंतर मी रुसून तयारी न करता सीईटीला बसले आणि पर्सेंटाइल असं आलं की बाबांना महिनाभर सांगितलंच नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, गुण वजा होत नसताना सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

हां, तर ते पान.

आम्ही कराडचे, बाबा एसटीत. पहिला फॉर्म मी नेट कॅफेत भरला. एकेक टॅब उघडत, माहिती भरत, सेव्ह करत चालले होते. 'रिझर्व्हेशन' नावाचा टॅब आला. मी ओपन कॅटेगरीची. आरक्षणाच्या पानावर आपलं काय काम, म्हणून सगळीकडे 'नाही' करून पुढे गेले. तरी मनात शंका राहिली म्हणून संध्याकाळी क्लासच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, तिथे काही टिक केलंस तर ओपनची सीट जाते. तू ओपन आहेस ना, मग सोड ते पान." मी सोडलं.

सरांचं चूक होतं, आणि ते फार मोठं चूक होतं. त्या पानावर फक्त जातीचं आरक्षण नसतं. डोमिसाइल, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याचा दावाही तिथेच करायचा असतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत महाराष्ट्राच्या मुलांसाठी जागा राखीव असतात, आणि ओपनवाल्यांनाही त्या मिळतात. ऑल इंडियाची यादी जिथे संपते, तिथून बरीच पुढे डोमिसाइलची यादी चालू राहते. तो दावा केल्याने ऑल इंडियाची संधी जात नाही. आधी तुम्हाला ऑल इंडियातून बघतात, तिथे नाही बसलात तर राज्याच्या यादीतून. म्हणजे टिक केल्याने तुमचं काहीही जात नाही. न केल्याने सगळं जातं, कारण फॉर्मची मुदत संपली की तो दावा नव्याने करता येत नाही. तुमच्या सात पिढ्या कृष्णाकाठी गेल्या असतील, पण फॉर्ममध्ये 'नाही' असेल तर त्या यादीपुरते तुम्ही परराज्यातले.

माझी रँक ऑल इंडियाच्या यादीच्या थोडी बाहेर राहिली. माझ्यामागे असलेल्या, शिकवणीतल्याच एका मुलाला मुंबई मिळाली. त्याने टिक केलं होतं. मी हेल्पलाइनला फोन केले, मेल केले. उत्तर नम्र होतं आणि एकच होतं.

दुसऱ्या वर्षी माझी रँक पहिल्यापेक्षाही मागे होती. आणि मला महाराष्ट्रात सीट मिळाली.

हे वाक्य परत एकदा वाचा. एक वर्ष जास्त अभ्यास करून मी मागे पडले होते, तरी आत आले.

म्हणून आज, फॉर्म निघायच्या आधी, हे करा. 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र' हा दाखला काढा. सेतू केंद्रात किंवा आपले सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचे पुरावे लागतात, आणि नावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. माझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'ज्ञानदेव', रेशन कार्डावर 'ज्ञानू'. त्यात तीन आठवडे गेले. ओबीसी, ईडब्ल्यूएस असाल तर आणखी एक: राज्याच्या कामाचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, कुठलं विद्यापीठ कोणता मागतं ते त्यांच्या पत्रकात बघा. नॉन-क्रीमी लेअरच्या दाखल्याची तारीख बघा. मुलींनो, काही ठिकाणी तुमच्यासाठी समांतर आरक्षणही (प्रत्येक प्रवर्गाच्या आतल्या काही जागा) आहे. आणि डोमिसाइलची व्याख्या सगळीकडे सारखी नसते. बंगळुरूच्या २५ टक्के जागा कर्नाटकात दहा वर्षं शिकलेल्यांसाठी आहेत, म्हणजे तिथे नुसतं राहून भागत नाही. बेळगाव, निपाणीकडच्या मराठी मुलांनी हे खास बघावं, तुमच्यासाठी ते दार उघडं असू शकतं.

घाबरवतेय असं वाटत असेल. पण कागदांवरची नावं जुळत असतील तर तुमच्या बाजूने हे सगळं मिळून दोन दिवसांचं काम आहे, आणि ज्याने केलं त्याला काही होत नाही.

काउन्सेलिंगचं, म्हणजे सीट वाटपाच्या फेऱ्यांचं, थोडक्यात. सीट मिळाली की फ्रीझ, फ्लोट, एक्झिट असे तीन पर्याय येतात. फ्रीझ म्हणजे हीच सीट पक्की, एक्झिट म्हणजे बाहेर पडणं, आणि फ्लोट म्हणजे ही सीट हातात ठेवून वरची मिळते का बघणं. वरची मिळाली की आधीची आपोआप जाते, मग 'मला जुनीच बरी होती' म्हणता येत नाही. म्हणून पसंतीक्रम लावताना जिथे खरंच जायचं नाही ते नाव वर टाकू नका, भले ते उतरंडीत वर असो. मुदतीच्या आत बटण दाबलं नाही तर तुम्ही प्रक्रियेतून बाहेर, हे वेगळं सांगायला नको.

क्लासबद्दल माझं मत कडू आहे. शिकवणाऱ्याने पेपर शिकवावा, फॉर्मचा सल्ला देऊ नये. फॉर्मचा सल्ला फक्त माहितीपत्रक देतं. ते सत्तर-ऐंशी पानांचं असो, आडवं पडून वाचून काढा. टॉपरच्या मुलाखतीही बघा, पण जेवताना. शंभर मॉक दिले म्हणणाऱ्याला विचारा, तपासले किती? मी दुसऱ्या वर्षी तीस दिले आणि प्रत्येक चुकीचं कारण वहीत लिहिलं. निम्म्या चुका 'घाईत उताऱ्यातला नकार वाचला नाही' या एकाच जातीच्या निघाल्या. चालू घडामोडींच्या तयार पीडीएफ मला कधीच लागू पडल्या नाहीत. हाताने लिहिलेलं लक्षात राहिलं.

पैशांबद्दलही लोक हळू आवाजात बोलतात. होस्टेल, मेस धरून एनएलयूत वर्षाला साधारण दोन ते चार लाख जातात, आणि वर्षं पाच. कर्ज मिळतं, मीही घेतलंय. फर्ममधली नोकरी लागली तर फिटेल, पण ती वर्गातल्या सगळ्यांना लागत नाही. ज्याला आपल्याच जिल्हा कोर्टात उभं राहायचंय त्याने हा हिशेब दोनदा करावा. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं आहे, डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते, आणि फी आजही काही हजारांत. पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज १९२४ चं. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड, दोन सरन्यायाधीश तिथलेच. वकिलीची सनद टिकवायला बार कौन्सिलची परीक्षा बंगळुरूवाल्यालाही द्यावी लागते आणि साताऱ्यावाल्यालाही. बारावीनंतर कुठेच जमलं नाही तर पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी आहेच. बंगळुरूनेही तो २०२२ पासून सुरू केलाय, त्याची परीक्षा एनएलसॅट.

एक वर्ष गेल्याचं दुःख किती दिवस टिकतं, असं परवा एका ज्युनियरने विचारलं. होस्टेलवर माझ्या वर्गात सहा रिपीटर आहेत. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकींना ओळखून काढलं, मग कोणी तो विषय काढला नाही. फक्त माझ्या आईचं अजून संपलेलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने त्या अधिवासाच्या दाखल्याच्या पंचवीस झेरॉक्स काढून आणल्या होत्या, प्रवेशाला तीन लागल्या. उरलेल्या बावीस अजून कपाटात साड्यांखाली आहेत, आणि टाकून देऊ का म्हटलं की ती म्हणते, राहू दे.