फ्रीडायव्हिंग: होडीतून पाण्यात उतरताना या चुका टाळा

मालवण, तारकर्ली, निवतीकडे फ्रीडायव्हिंगला, म्हणजे सिलिंडरशिवाय एका श्वासावर बुडी मारायला जाणारे श्वास आणि कान यांची तयारी मन लावून करतात. होडीच्या काठावरून पाण्यात जाण्याच्या त्या मिनिटभराचा विचार मात्र फारसा होत नाही. बोटं चेमटणं, वजनाचा पट्टा (खाली जायला मदत म्हणून कमरेला बांधलेली वजनं) सरकणं, मास्क वाहून जाणं हे सगळं त्याच मिनिटात घडतं.

सर्वांत महागात पडणारी चूक इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याची (प्रोपेलरची). 'इंजिन न्यूट्रलला आहे' यावर समाधान मानू नका. आउटबोर्डचा (होडीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचा) गिअर चुकून पडू शकतो, आणि तांडेलाचा (होडी चालवणाऱ्याचा) हात हँडलवर असतोच. इंजिन पूर्ण बंद करून घ्या. 'बंद?' असं मोठ्याने विचारा, 'बंद' असं उत्तर आल्यावरच पाय बाहेर काढा. परत चढतानाही हाच नियम.

आता बाजू निवडू. उलांडीच्या होडीत (तोल राखायला एका बाजूला तरंगतं लाकूड बांधलेली होडी) उलांडीच्या बाजूने उतरू नये, हे किनाऱ्यावरचं पोरही सांगेल. लाटेवर ते लाकूड वरखाली आपटत असतं आणि खाली डोकं सापडू शकतं. पण फायबरच्या होडीत उलांडी नसते, आणि तिथेच गोंधळ होतो. नांगर न टाकलेल्या होडीला वारा ढकलत नेतो. तुम्ही वाऱ्याआडच्या बाजूला, म्हणजे वारा होडीला ढकलतो त्या बाजूला उतरलात, तर तीच होडी तुमच्या अंगावर येते. उतरायचं ते वाऱ्याकडच्या बाजूने, जिथून वारा येतो तिथून. होडी तुमच्यापासून दूर सरकते, म्हणून बोया (धरून राहायचा तरंगता गोळा) आणि त्याची दोरी आधी पाण्यात सोडा, मगच स्वतः जा. दुपारी समुद्रावरून येणारं वारं चढतं तेव्हा हा फरक जास्त जाणवतो. शक्य असेल तर सकाळीच उरका.

होडी नांगरलेली असेल तर प्रश्न वाऱ्याचा कमी, पाण्याच्या ओढीचा जास्त. होडीच्या मागच्या टोकाला २० ते ३० मीटर दोरी बांधा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला तरंगता डबा लावा आणि ती सोडून ठेवा. हातातून होडी सुटली तरी ती दोरी मिळते. देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ ओहोटीचं पाणी समुद्राकडे जोरात खेचतं, उधाणाच्या दिवसांत तर फारच. तिथे ओहोटी चालू असताना उतरूच नका.

लांब फिन्स (पायात चढवायची पोहण्याची पाती) घालून होडीत चालायला गेलात की पडलातच. काठावर बसा, मगच फिन्स चढवा, आणि पाय बाहेर काढा. दोन्ही तळवे एका बाजूला काठावर टेकवा, कंबर वळवा, पोट काठाकडे करून अलगद पाण्यात सरका. होडी ठेंगणी असल्याने हे सहज जमतं. मागे कोलांटी मारण्याची स्कूबावाली (सिलिंडर लावून बुडी मारणाऱ्यांची) सवय इथे नको: लांब पाती होडीच्या काठावर आपटतात, मास्क निघतो, वजनाचा पट्टा पोटावरून छातीपर्यंत चढतो.

पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर. तो रबरी, ताणून घट्ट, कमरेच्या हाडांवर बसलेला हवा. बकल उजव्या हाताच्या एका झटक्यात सुटलं पाहिजे. सूटचा लोंबता पट्टा किंवा लॅनयार्ड (तुम्हाला बुडीच्या दोरीशी जोडणारी सुरक्षा दोरी) बकलवरून जात असेल तर ते सुटत नाही, हे काठावर बसल्या बसल्या बोटांनी चाचपून घ्या. वजनही तपासा: पूर्ण श्वास सोडल्यावरसुद्धा वर तरंगायला हवं. बुडत असाल तर वजन काढा. शुद्ध हरपण्याचे प्रसंग बहुतेक वेळा वर येताना किंवा आल्यावर घडतात, आणि जड पट्टा तेव्हा माणसाला परत खाली नेतो.

पाण्यात गेल्या गेल्या बुडी नको. सरकण्याची धडपड, वर थंड पाणी मानेवर आलेलं, हृदय धडधडत असतं. बोयाला धरून दोन-तीन मिनिटं शांत श्वास घ्या. लांब, जोरजोरात श्वास ओढून 'चार्ज' होणं टाळा. त्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड उशिरा कळते, ऑक्सिजन मात्र तेवढाच संपतो. आधी जोडीदार पाण्यात, मग तुम्ही, आणि दोघांपैकी एकच खाली. वर आल्यावर किमान ३० सेकंद जोडीदाराची नजर तुमच्या चेहऱ्यावरून हटू नये.

चढताना उलटा क्रम: पट्टा होडीतल्या माणसाच्या हातात द्या, दोरी किंवा शिडी पकडा, फिन्स अगदी शेवटी काढा. ओढीत फिन्सशिवाय सुटलेला माणूस होडीला परत गाठत नाही.