मिस्त्रींच्या आठवणीचा बाक: पहिल्यांदाच बाहेरचं काम घेणाऱ्या सुतारांसाठी

जन्मभर रंधा चालवलेले आणि निवृत्तीनंतर पायवाटा तुडवण्यात रमलेले मिस्त्री गेले, की घरची माणसं बरेचदा एकच गोष्ट मागतात: ते जिथे जाऊन बसायचे तिथे एक बाक. हे काम बहुधा त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कोणाकडे तरी येतं, आणि कित्येकदा ते त्याचं स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलंच काम असतं.

घरातलं फर्निचर कोरड्यात उभं असतं, हा बाक पावसात उभा राहणार. प्रत्येक तुकडा हातात घेताना एकच विचारायचं: इथे पाणी थांबेल का? रानात भटकणाऱ्या सुताराला याचं उत्तर पाठ असतं. पडलेलं खोड जमिनीला टेकलं असेल तिथे आधी कुजतं; दोन दगडांवर अधांतरी राहिलेलं वर्षानुवर्षं शाबूत असतं. बाकाचं सगळं शास्त्र त्या खोडात आहे.

आधी जागा. ती कोणाच्या मालकीची आहे त्याची लेखी परवानगी घ्या, मगच लाकडाला हात लावा. पावसानंतर एकदा तिथे जाऊन पाणी कुठून वाहतं ते बघून या. मिस्त्री नेमके कुठे आणि कुठल्या दिशेला तोंड करून बसायचे, हे त्यांच्याबरोबर फिरणाऱ्यांना विचारा. बाक दोन मीटर चुकला तर समोर दरीऐवजी झुडूप येतं.

त्यांची हत्यारपेटी मिळाली तर तीच वापरा. गंजलेली पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवली की सकाळी गंज तारेच्या ब्रशने निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच पुसा आणि तेलाचा हात द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस डाग येतात. लाकडी मुठीला मात्र पॉलिश-पेपर लावू नका. अनेक वर्षांच्या पकडीने तिला आलेला आकार एकदा घासला की परत येत नाही. पटाशीची पाठ धारेपासून निदान २–३ सेंमीपर्यंत आरशासारखी सपाट हवी. उतार २५ अंशांचा आणि टोकाची बारीक धार ३० अंशांची. ग्राइंडरवर धार निळी पडली तर तिथलं पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेला असं समजा; तेवढा भाग झिजवून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. मऊ लाकडाच्या आडव्या कापावरून, म्हणजे जिथे तंतूंची टोकं दिसतात तिथून, पातळ चकाकता छिलका निघाला की धार बरोबर. भुगा पडला तर पुन्हा धारेच्या दगडावर.

लाकूड सागवान असेल तर गाभ्याचंच घ्या. कडेचा फिकट पट्टा, म्हणजे रसकाष्ठ, त्याच झाडाचा असला तरी बाहेर टिकत नाही, आणि विकणारा तो आपणहून दाखवत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर राहिला की बुरशीला जोर येतो. तुमच्या हाती येताना तो १२ ते १६ टक्क्यांच्या आसपास असावा. मीटर नसेल तर एक फळी वजन करून आठवडाभर सावलीत ठेवा. वजन उतरत राहिलं तर लाकूड अजून ओलं आहे.

दीड मीटर लांबीच्या, तीन माणसं बसतील अशा बाकाची मापं अशी धरा. बैठकीची उंची पुढे ४४ सेंमी, मागे ४२, म्हणजे पाठीकडे जरा उतार. तिथे म्हातारी माणसं जास्त येणार असतील तर दोन्हीकडे २ सेंमी वाढवा, कारण बुटक्या बैठकीतून उठताना गुडघ्यांवर भार येतो. बाकाचे हात बैठकीच्या २२ सेंमी वर. पुढचे पाय ६५ × ६५ मिमी. मागचे पाय १३० मिमी रुंद फळीतून कापायचे, म्हणजे पाठीला १० अंशांचा कल देता येतो. वर ते ४५ मिमीपर्यंत निमुळते करा. आडव्या पट्ट्या ९० × ३५, बैठकीच्या पाच पट्ट्या ७५ × २८, त्यांच्यात १० मिमी फट. पाठीला तीन फळ्या, त्यांतली वरची १४० मिमी रुंद, कारण तिच्यावर नाव येणार. मधोमध एक आडवा आधार घालाच. २८ मिमीची पट्टी ७० सेंमीपेक्षा जास्त अंतरावर मोकळी सोडली तर बसल्यावर लवते. तयार बाकात सुमारे सव्वादोन घनफूट लाकूड जातं. गाठी, चिरा आणि रसकाष्ठ वगळायचं म्हणून घेताना तीन घनफुटांच्या थोडं वर घ्या.

सांधे कुसू-खोबणीचेच, म्हणजे एका तुकड्याचं बारीक केलेलं टोक (कुसू) दुसऱ्यातल्या खाचेत (खोबणीत) बसवायचं. नुसत्या स्क्रूवर उभा केलेला बाक पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत डगमगू लागतो, कारण लाकूड फुगतं-आकसतं आणि स्क्रूभोवतीचं भोक मोठं होत जातं. ३५ मिमीच्या पट्टीला १२ मिमी जाडीचं कुसू, साधारण एक तृतीयांश. लांबी ४५ मिमी आणि खोबण २ मिमी जास्त खोल. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा एकदा तरी अडतो: पायात पुढची आणि बाजूची पट्टी एकाच उंचीवर येते, दोन्ही कुसवं आत एकमेकांना भिडतात आणि कितीही ठोकलं तरी खांदा, म्हणजे कुसवाच्या बुडाशी पायाला टेकायची पट्टीची कड, मिटत नाही. दोन्ही टोकं ४५ अंशांत तिरकी कापा, मध्ये २ मिमी जागा राहू द्या.

गोंदावर भिस्त ठेवू नका. सागवान तेलकट, त्यावर गोंद आधीच नाखूश; लावायचाच तर आधी ॲसिटोनने पुसून, आणि पाण्याला टिकणाराच. खरी पकड खुंटीची. पायातून खोबणीच्या आरपार १० मिमीचं भोक पाडा. कुसू आत बसवून त्याच भोकातून ड्रिलच्या टोकाने त्यावर खूण करा. मग ते बाहेर काढून खुणेपासून १.५ मिमी खांद्याच्या बाजूला सरकवून कुसवाला भोक पाडा. निमुळत्या टोकाची खुंटी आत जाताना सांध्याला ओढून घेते आणि पुढे लाकूड आकसलं तरी सोडत नाही. लोभाने ३ मिमी सरकवलंत तर खुंटी तरी मोडेल, नाहीतर कुसवाचं टोक फुटेल. उलट्या बाजूला सरकवलंत तर सांधा उघडेल. खुंटीचं लाकूड करवतीने कापलेलं नको, कुऱ्हाडीने किंवा पटाशीने फाडलेलं हवं, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. एकाच पायातल्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर द्या, नाहीतर आत एकमेकींना छेदतील.

बैठकीच्या पट्ट्यांना वरून किंचित गोलवा द्या, मध्यापासून कडेपर्यंत दीड-दोन मिमी उतार. पट्टीची गाभ्याकडची बाजू वर ठेवली तर सुकताना ती आपणहून तशीच फुगीर होते. पण त्या बाजूला कुसळं उठायची शक्यता जास्त, म्हणून रंधा मारताना बोट फिरवून बघा. स्क्रू स्टेनलेसचे, ५ × ६० मिमी, प्रत्येक आधारावर दोन, म्हणजे एकूण ३०. समुद्राजवळ असाल तर ३१६ प्रतीचे घ्या, एरवी ३०४ चालतात. पट्टीतलं भोक ५.५ मिमी ठेवा, म्हणजे पट्टीला हलायला वाव राहतो. खालच्या आधारात ३.५ मिमी. साधे लोखंडी स्क्रू ओक किंवा तशा तुरट लाकडात वापरले तर भोवती निळे-काळे ओघळ येतात, आणि ते खोलवर जातात.

आता नावाची फळी, जिच्यावर सगळ्यांची नजर जाणार. नावाचं शुद्धलेखन घरच्यांकडून कागदावर लिहून, सही घेऊन मागा. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावरून घरातच दोन मतं निघतात, आणि ती कोरल्यानंतर निघाली तर फार उशीर होतो. मजकूर थोडा ठेवा: नाव, दोन वर्षं, आणि ते सुतार होते हा एक शब्द. कोरीव काम बाक जोडण्याआधी, टेबलावर फळी शिकंजात धरून. फळी २८ ऐवजी ३१ मिमी जाड ठेवा. किरकोळ चूक झाली तर रंध्याने ३ मिमी उतरवून पुन्हा सुरू करता येतं.

अक्षराचा मुख्य भाग ४० मिमी उंच धरलात तर वरच्या मात्रा-रफार आणि खालचे उकार मिळून ७० मिमी जागा लागते; १४० च्या फळीत ती नीट बसते. खाच इंग्रजी व्ही आकाराची, ६० अंशांची. ६ मिमी रुंद रेघेला सुमारे ५ मिमी खोली. उभ्या फळीवर अशा खाचेची खालची भिंत बाहेरच्या बाजूला उतरती असते, म्हणून पाणी निथळतं. राऊटरने (खाचा पाडायच्या यंत्राने) कोरलेल्या सपाट तळाच्या अक्षरात ते साठतं आणि शेवाळ धरतं.

देवनागरीत खरी कसोटी शिरोरेघेची. ती लाकडाच्या तंतूंच्याच दिशेने जाते. तिथे पटाशी हातोड्याने ठोकली की ती पाचरीसारखी काम करते आणि चीर अक्षरं ओलांडून पुढे पळते. म्हणून शिरोरेघेची दोन्ही टोकं आधी आडवी छाटून घ्या, मग हातोडा न वापरता, नुसत्या हाताच्या दाबाने पातळ-पातळ काढत जा. पटाशी खोल घुसायला लागली तर लगेच उलट्या दिशेने या. व, ब, क यांच्या पोटातला छोटा उंचवटा चटकन उडतो, कारण तिथले तंतू अगदी तोकडे असतात. आतली बाजू आधी आणि हलक्या हाताने कापा. उडालाच तर तो कपचा टाकू नका, त्याच जागी तसाच चिकटवता येतो. टाकाऊ तुकड्यावर पूर्ण नाव एकदा कोरून पाहिल्याशिवाय खऱ्या फळीला पटाशी लावू नये.

त्यांनी केलेली जुनी कपाटं, खुर्च्या कुठे असतील तर उलट्या करून बघा. प्रत्येक सुताराची पेन्सिलीची खूण वेगळी असते: कोणाचा त्रिकोण, कोणाची दोन तिरक्या रेघांची फुली. ती सापडली तर बाकाच्या खालच्या आधारावर, न दिसणाऱ्या जागी, कोरा.

पाय थेट काँक्रीटमध्ये रोवू नका. मजबुतीच्या नावाखाली सर्रास होणारी चूक ती हीच. काँक्रीटच्या कपात पाणी अडकतं आणि जमिनीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथेच लाकूड आधी कुजतं. चार खड्डे, प्रत्येकी ३० × ३० सेंमी, ४० सेंमी खोल; त्यांत काँक्रीट आणि वर स्टेनलेसची बैठ, म्हणजे पाय धरून ठेवणारा आधार, बाकाचा पाय काँक्रीटच्या २ सेंमी वर राहील अशी. भार टाकण्याआधी निदान ७ दिवस जाऊ द्या. पायांचे तळ इपॉक्सीने दोन-तीन वेळा, लाकूड पिणं थांबेपर्यंत, भिजवा. बसणाऱ्यांचे पाय टेकतात तिथे १० सेंमी खडीचा थर हवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चिखलाचं डबकं होतं. बैठकीची उंची या खडीवरून मोजायची, खड्ड्याच्या काठावरून नव्हे.

वरून जाड व्हार्निश नको. ते उन्हात तडकतं, तड्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. सागवान उघडं ठेवलं तर वर्षभरात करडं होतं. ती फक्त पृष्ठभागावरची उन्हाची करामत, लाकूड आत तसंच असतं. जवसाचं तेल लावलंत तर दमट हवेत काळपट बुरशी येण्याची तयारी ठेवा. आणि तेलाचे बोळे कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि बोळे आपोआप पेटतात. ते पाण्यात बुडवून ठेवा, किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र लावलं तर मऊ तंतू उडून पट्ट्या खरबरीत होतात. खुंट्यांवर हातोडीने हलकं ठोकून बघा; पोकळ वाजली तर ती काढून नवी घाला. धुवायला जाल तेव्हा खिशात एक बारीक पटाशी ठेवा, अक्षरांच्या खाचांतली माती तिच्या टोकाने चांगली निघते.