शेतातला फोटोग्राफर व्हायचंय? आधी माझा फ्लेक्स बघा

आठवड्याला एखादा तरी मुलगा विचारतो, ‘दादा, लग्नांचा कंटाळा आला. शेतीचे, शेतकऱ्यांचे फोटो काढायचेत. कुठला कॅमेरा घेऊ?’ हातात आहे तोच. हप्त्यावर नवीन बॉडी घेतली असेल आणि खोकं अजून फोडलं नसेल, तर परत करा. माझं पहिलं वर्ष एका स्टुडिओवाल्याच्या जुन्या कॅमेऱ्यावर आणि ३५ मिमीच्या एका लेन्सवर निघालं. आजही निम्मं काम त्याच लेन्सवर होतं. कॅमेऱ्याबद्दल एवढंच.

मी सोलापूर शहरातला. वडील यंत्रमागावर होते, आमच्या सात पिढ्यांत सातबारा नाही. त्यामुळे सुरुवातीला शेतात गेलो की मी पाहुण्यासारखा बांधावर उभा. डाळिंबाचा बहार ‘धरतात’ म्हणजे काय करतात हेही माहीत नव्हतं. (पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पुन्हा पाणी देऊन एकदम फुलं आणतात.) तुमचंही तसंच असेल तर लाजू नका, विचारा. न कळता मान डोलावणारा माणूस शेतकरी दोन मिनिटांत ओळखतो आणि मग तोही तुम्हाला कॅमेऱ्यासाठीचंच बोलतो.

आता मूळ गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सांगोल्याकडं एक तात्या आहेत, ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची बाग. त्यांच्याकडं मी आधी स्वतःहून दोनदा गेलो होतो, ओळख झाली होती. मग एका औषध कंपनीच्या माणसानं मला दोन दिवसांचं काम दिलं. औषध म्हणजे अर्थात फवारायचं. ‘शेतकऱ्यांचे चांगले चेहरे पाहिजेत, कॅलेंडर करतोय.’ दिवसाला २,५०० रुपये. लग्नाच्या सीझनबाहेर मला तेव्हा एवढे पैसे कोण देत होतं? मी तात्यांना म्हणालो, ‘तात्या, कॅलेंडरवर येणार तुम्ही.’ ते आत जाऊन धुतलेली टोपी घालून आले. आक्कांनी चहा केला. फोटो झकास झाले. सगळ्या मूळ फाइली पेन ड्राइव्हमध्ये घालून दिल्या, पैसे खिशात घातले, विषय संपला.

चार महिन्यांनी त्याच रस्त्यानं जाताना एका कृषी सेवा केंद्राच्या दारात फ्लेक्स दिसला. तात्यांचा हसरा चेहरा, शेजारी माणसाएवढी बाटली, वर लिहिलेलं ‘तेल्यावर हमखास’. ज्यांनी डाळिंब केलंय त्यांना सांगायला नको, तेल्याला ‘हमखास’ काही नसतं. जिवाणूचा रोग आहे. दमट हवेत फळावर काळे तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि उभी बाग हातची जाते. तात्यांनी ते औषध कधी मारलंच नव्हतं.

मी तात्यांना फोन केला नाही. घाबरलो, खरं सांगतो. पंधरा दिवसांनी त्यांचाच आला. ‘दोघं जण दारात आल्ते. तुझं तोंड बघून औषध घेतलं म्हणाले. बाग गेली त्यांची. मी काय सांगू रे त्यास्नी?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. कंपनीच्या माणसाकडं मात्र होतं : ‘आम्ही पैसे दिले, फोटो आमचा.’

मला वाटायचं फोटो मी काढला म्हणजे माझा. तुम्हालाही तसंच वाटत असणार. एका ओळखीच्या वकिलानं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ उघडून माझ्यापुढं ठेवलं. फोटो तुम्ही तुमच्या मनानं, तुमच्या खर्चानं काढला तर पहिले मालक तुम्ही, आणि तुम्ही आहात तोवर आणि तुमच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं त्याचा कॉपीराइट टिकतो. पण कुणीतरी पैसे देऊन, त्याच्या सांगण्यावरून तुमच्याकडून फोटो काढून घेतला, आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक पैसे देणारा.

पुन्हा सांगतो, कारण मला तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं. बिल फाडून ‘शूट’ केलंत आणि कागद केला नाहीत, तर कायदा तुमच्याकडून बोलत नाही. गप्प बसलात की फोटो गेला. तुम्हाला वाटतं, काहीच ठरलं नाही म्हणजे हक्क माझ्याकडेच राहिला. नेमकं उलटं आहे. काही न ठरणं हेच त्याच्या फायद्याचं ठरणं. ‘नंतर बघू’, ‘आपलीच माणसं आहेत’, ‘मेलवर टाकतो’, ही सगळी त्याच खड्ड्याची नावं.

दुसरी बाजूही ऐका. कॉपीराइट कंपनीचा झाला म्हणून तात्यांचा चेहरा कंपनीचा झाला असं नाही. चेहऱ्याची परवानगी वेगळी आणि ती तात्यांकडूनच घ्यायची. पण हे कोर्टात भांडायला तात्यांना सवड कुठली? बहार धरलेला, छाटणीला माणसं लावलेली. फ्लेक्स शेवटी उतरला तो वादळानं फाटून.

आता मी दोन कागद करतो. पहिला काम देणाऱ्याबरोबर, काम सुरू व्हायच्या आधी : फोटो माझे राहतील, तुम्हाला अमुक वापरापुरते, अमुक मुदतीपुरते. कॅलेंडर म्हणजे कॅलेंडर. जाहिरातीला वेगळे पैसे आणि शेतकऱ्याला वेगळं विचारणं. हक्क खरंच विकायचे असतील तर तेही लेखीच लागतं. त्यात मुदत घातली नाही तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरली जाते, हे मला फार उशिरा कळलं. या कागदामुळं दोन कामं गेली. जाऊ द्या. कागद बघून पळणारा गिऱ्हाईक फ्लेक्स लावणारा असतो.

दुसरा कागद शेतकऱ्याबरोबर, आणि इथं शहरातली पोरं हमखास चुकतात. गावात अनोळखी माणसानं ‘इथं सही करा’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढं सातबारा, सोसायटीचं कर्ज आणि भावकीचा दावा, तिन्ही एकदम उभं राहतं. पहिल्याच भेटीत फॉर्म काढलात तर चहाही मिळणार नाही. मी पहिल्या भेटीत कागद मोठ्यानं वाचून दाखवतो आणि तिथंच ठेवून येतो. घरातलं शिकलेलं पोरगं, सून कुणीतरी वाचतं. दुसऱ्या खेपेला फोटोच्या छापील कॉप्या घेऊन जातो, तेव्हा सही. प्रिंट आधी, सही नंतर. माझं हे मत पक्कं आहे, यावर वाद घालू नका. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला म्हणजे दिला असं होत नाही. भिंतीवर लागतो तो दिलेला.

सही कुणाची, हाही प्रश्न आहे. बागेत दिसणारा माणूस कधी मालक असतो, कधी वाटेकरी, कधी सालगडी. मालक पुण्यात नोकरीला, रान वाट्यानं दिलेलं, आणि मासिकाच्या अंकात नाव छापून येतं मालकाचं, ‘प्रगतशील शेतकरी’ म्हणून. एकदा मीच असं केलंय. वाटेकऱ्याची बायको मला एवढंच म्हणाली, ‘नाव मोठ्या माणसाचंच बरं दिसतं.’ तेव्हापासून वहीत पहिला प्रश्न लिहिलेला आहे : पाणी कोण देतं? रात्री लाइट आल्यावर मोटार चालू करायला जो उठतो, त्याला रानाची सगळी माहिती असते. पुष्कळदा ती बाईच निघते.

काही बारक्या गोष्टी, ज्या कुणी शिकवत नाही. फ्रेमच्या मागं आकडा टाकलेली तार दिसत नाही ना, बघा. तुमच्या सुंदर संध्याकाळच्या फोटोवरून कुणाच्या घरी वायरमन जायला नको. डाळिंब तोडणीला आलेलं असताना ठिकाणासकट फोटो टाकू नका, बागेतून माल चोरीला जातो. मोबाइलच्या फोटोत लोकेशन आपोआप बसतं, ते बंद करा. आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना बूट धुवा. पानं ओली असताना तर बागेत शिरूच नका. तेल्याच्या काळात जाणता बागवान फाटकावरच विचारतो, ‘आधी कुठं होता?’ खोटं बोलू नका. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांचे सल्ले मराठीत वाचायला मिळतात. फोटोग्राफीच्या दहा व्हिडिओंपेक्षा ते वाचलेलं जास्त उपयोगी पडतं.

भाषेचंही तसंच. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं गेलात तर कन्नड येत नसेल तरी ‘ऊटा आयता?’, जेवलात का, एवढं विचारता आलं पाहिजे. समोरचा हसतो, पुढचं तो मराठीत सांभाळून घेतो.

उजेडाबद्दल थोडंसं, कारण आपला मुलूख अवघड आहे. रान काळं, टोपी-बंडी पांढरी, चेहरा रापलेला, आणि मार्चपासून आकाश नुसतं तापलेल्या पत्र्यासारखं. टोपी जळू देऊ नका, म्हणजे फोटोत नुसती पांढरीफटक होऊ देऊ नका; सावली नंतर उचलता येते. काळी जमीन उजेड परत देत नाही, कडबा देतो. म्हणून माणसाला कडब्याच्या बुचाडाशेजारी, त्याकडं तोंड करून बसवा. चेहरा आपोआप उजळतो, रिफ्लेक्टर न्यायची गरज नाही. डाळिंबावर उन्हासाठी पांढरं कापड टाकलेलं असेल तर भर दुपारी मऊ उजेड मिळतो. बेदाण्याच्या शेडमध्ये मात्र हिरवी जाळी असली की सगळे आजारी दिसतात. तिथं व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, हातानं लावा, ऑटोवर विसंबू नका.

वर्ष कसं बसवायचं हे रानच ठरवतं. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, द्राक्षं, सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे ढीग, आणि अक्कलकोट-बार्शीच्या शिवेकडच्या गावांत येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण. त्या दिवशी कडब्याच्या कोपीपुढं भज्जी आणि आंबिलाचं जेवण होतं. तुम्ही आधी जेवा, मग कॅमेरा काढा. फेब्रुवारीत मंगळवेढ्याला जा. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाचा फोटो निघत नाही. निघतो तो मालदांडीची ताटं मुळासकट उपटणाऱ्या हातांचा. पहाटे सुरू होतं, ऊन चढायच्या आत बरंचसं उरकतं. आठला पोचलात तर तुम्हाला पाठमोरी पात मिळेल आणि लोकांना वाटेल हा पिकनिकला आलाय. एप्रिल-मेमध्ये मी लग्नं करतो. त्याची लाज वाटत नाही, तुम्हीही बाळगू नका. पहिल्या वर्षी शेतीच्या कामाचे पैसे मिळालेले माझे दिवस १४ होते. चौदा. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवा.

चेहऱ्याच्या मागं लागता लागता शेतकऱ्याच्या घरातल्या कागदांचे फोटो विसरू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूर बाजारात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात उरले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक मिळाला २ रुपयांचा. देशभर फिरला तो त्या पट्टीचा, म्हणजे अडत्यानं दिलेल्या हिशेबाच्या पावतीचा, आणि चेकचा फोटो. डोळ्यात पाणी आलेल्या म्हाताऱ्याचा क्लोजअप त्यापुढं काहीच नाही. असले क्लोजअप मीही पोतंभर काढलेत, आता बघवत नाहीत. पट्टी, औषधांच्या उधारीची वही, देवघराशेजारी खिळ्याला अडकवलेली बिलं, हे सगळं विचारून, आकडे दाखवायचे की नाही ते ठरवून काढा.

गुरूंबद्दल. दोन दिवसांत ‘ग्रामीण भारत टिपायला’ शिकवणारी शिबिरं असतात. पंधरा जण, पंधरा लेन्स आणि मधोमध एक आजोबा चिलीम ओढतोय. त्या आजोबांना किती दिले, हे विचारून बघा. मी ज्यांना गुरू मानतो त्या म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यानं मला एकच गोष्ट शिकवली : पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. तेव्हा पेट्रोल वाया गेलं असं वाटलं होतं. प्रीसेट, म्हणजे फोटोवर चढवायचे तयार रंग, विकत घेऊ नका, आपली माती नारिंगी नाही. ड्रोनची घाई करू नका. होटगी रोडच्या विमानतळाभोवती तर नकाशा बघितल्याशिवाय उडवूच नका, आणि वरून सगळी शेतं सारखीच दिसतात.

घाबरवलं असेन तर माफ करा. काम जमतं. हळूहळू लोकच बोलावतात. एखादी शेतकरी कंपनी फोन करते, एखाद्या अंकाला फोटो हवे असतात, कुणाला आईवडिलांचा रानातला फोटो फ्रेम करून हवा असतो. हे शेवटचं काम सगळ्यात चांगलं, पैसे वेळेवर मिळतात.

तात्या दोन वर्षं बोलले नाहीत. मी प्रिंट घेऊन गेलो तेव्हा आक्कांनी त्या घेतल्या, तात्या बागेतून आलेच नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पोराची सोयरीक बघतायत, घरच्या सगळ्यांचा एक फोटो पाहिजे.

‘किती घेणार?’

‘काही नको तात्या.’

‘फुकट नको. कागद कर. आन् बाजूला बाटली-बिटली कुठली नको.’

शनिवारी सकाळी सहाला निघतोय. बूट आत्ताच धुऊन वाळत टाकलेत.