पक्षाघातानंतर डाव्या बाजूचं भान सुटलेला रुग्ण: या चुका टाळा

ताटात उजवीकडचं संपतं, डावीकडचं तसंच राहतं. दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते. घरचे म्हणतात, "मुद्दाम करतात." पहिली चूक इथेच होते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डाव्या बाजूचं भान सुटू शकतं. डोळे शाबूत असले, तरी तिकडे काही आहे हेच मनात येत नाही. बऱ्याच रुग्णांना आपलं काही सुटतंय याचाही पत्ता नसतो. त्यांच्यावर रागावू नका, फार जीव तुटतो ते पाहून.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक: सगळ्या रुग्णांना एकच व्यायाम देणं. एकाची खोलीची डावी बाजूच सुटते. दुसऱ्याची प्रत्येक वस्तूची डावी कड सुटते, मग घड्याळ अगदी उजवीकडे टांगलं तरी त्यावरचे सात ते अकरा आकडे निसटतात. कुणी टेबलावरचं सगळं नीट उचलतो आणि चालताना डाव्या चौकटीला धडकतो. कुणी स्वतःचा डावा हात बाहीत घालायचाच विसरतो. काहींना डावीकडचं कळतं, पण तिकडे हालचालच सुरू होत नाही. आठवणीतलंसुद्धा सुटतं. 1978 मध्ये बिसियाक आणि लुत्झाती या इटलीच्या संशोधकांनी अशा रुग्णांना मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. रुग्णांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. समोरच्या टोकाला उभे आहात असं समजा म्हटल्यावर मात्र आधी गाळलेल्या सांगितल्या!

म्हणून रेघेचा मध्य काढणं, तारे खोडणं अशा कागदावरच्या चाचण्यांवरच निदान थांबवू नका. शांत खोलीत कागदावर जमतं ते गडबडीत जमेलच असं नाही. कॅथरीन बर्गेगो स्केल या मोजपट्टीत तपासणारा रोजच्या 10 कृती पाहून 30 पैकी गुण देतो; गुण जास्त, तर अडचण जास्त. हेच प्रश्न रुग्णालाही विचारा. तपासणाऱ्याच्या गुणांपेक्षा रुग्णाने स्वतःला दिलेले गुण बरेच कमी असतील, तर त्याला स्वतःची अडचण उमगलेली नाही.

डोळ्यांसमोरचा अर्धा भाग दिसेनासा होणं, ही वेगळी गोष्ट. तसा रुग्ण उणीव कळली की सहसा मान वळवून भरपाई करतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, तपासून घ्या.

बोलावण्याची घंटा, पाणी, चष्मा डावीकडे ठेवून "सराव होईल" असं म्हणू नका. गरजेच्या वस्तू आधी उजवीकडे असू द्या, सरावाच्या हळूहळू डावीकडे न्या. वाचताना डाव्या समासात जाड लाल रेघ मारा आणि ती दिसल्याशिवाय ओळ सुरू करू देऊ नका.

समोरचं दृश्य उजवीकडे 10 अंश सरकवणाऱ्या प्रिझमच्या चष्म्याचा उपाय 1998 पासून चर्चेत आहे. त्याचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही, म्हणून आधी थेरपिस्टशी बोला.

आणि व्हीलचेअर हलवण्याआधी दर वेळी स्वतः बघा: डावा ब्रेक, पायपट्टीवरून घसरलेला डावा पाय, चाकाजवळ लोंबणारा डावा हात.