"नाही गं, बरंय" म्हणणाऱ्या आजींचं दुखणं कसं ओळखायचं

वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांसाठी लिहितेय, घरचं कोणी तिथे असेल तर तुम्हीही वाचा. "आजी, दुखतंय का?" विचारलं की "नाही गं, बरंय" हे ठरलेलं उत्तर, तेवढ्यावर पुढच्या बेडकडे जाऊ नका. शब्द बदलून विचारा, ठणकतंय का, कळ येते का, अवघडलंय का, आग होते का, मुंग्या येतात का. मग लगेच सांगतात, अगं रात्रभर ठणकत होतं! तो शब्द जसाच्या तसा लिहून ठेवा, कारण आग किंवा मुंग्या असतील तर दुखणं नसेचं असू शकतं, त्यावर पॅरासिटामॉलचा फारसा उपयोग होत नाही, डॉक्टर वेगळं औषध देतात.

डिमेन्शियामुळे बोलता येत नसेल तर निरखून बघायचं, आणि तेही नुसतं पडलेले असताना नाही, कूस बदलताना, उठवताना. बोलू न शकणाऱ्यांचं दुखणं मोजायच्या पेनॅड (PAINAD) स्केलमध्ये श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, या 5 गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 मार्क असतात. रोज तोच स्केल वापरला की फरक कळतो.

आमच्याकडे एक आजोबा शर्ट घालताना मारायला धावायचे, सगळे म्हणायचे चिडके आहेत. नीट बघितलं तर उजवा हात खांद्याच्या वर गेला की डोळे घट्ट मिटायचे. मग दुखरा हात बाहीत आधी घालायला लागलो, डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा-पाऊण तास आधी, आणि मारणं थांबलं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, माणूस अचानक चिडचिडा किंवा गप्प झाला तर झोपेची गोळी मागण्याआधी बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, टोचणारी कवळी, बेडसोर हे सगळं तपासा.

औषधात बहुतेकदा सुरुवात पॅरासिटामॉलने, पण सर्दीच्या गोळ्यांतलंही धरून दिवसाचा हिशोब करा, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डोस डॉक्टरच ठरवतील. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने अजिबात देऊ नका, या वयात पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो. मॉर्फिनसारखं औषध सुरू झालं तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या.

आणि चार्टवर "लागेल तेव्हा" लिहिलं असेल तर ज्याला मागताच येत नाही त्याला ती गोळी मिळतच नाही हो, डॉक्टरांकडून ठरलेल्या वेळा लिहून घ्या. दिल्यावर तासाभराने परत जाऊन बघा, कूस बदलताना चेहरा कसा होतो ते, आणि तेही लिहा.