स्पोर्ट्स कारला नवी रिम घेताना टायरच्या मापात या चुका टाळा

रिम आधी आवडते, मग तिचा रंग ठरतो, मग ती किती इंची हवी हे ठरते. टायरचा नंबर येतो सगळ्यात शेवटी, आणि तोवर निवडायला फारसे काही उरलेले नसते. घासणारे टायर, चुकणारा स्पीडोमीटर, पहिल्याच खड्ड्यात वाकलेली रिम या तक्रारींचा माग काढत गेले तर बहुतेक वेळा हा उलटा क्रमच हाती लागतो. म्हणून टायरचा बाहेरचा व्यास आधी ठरवा, मग त्याची रुंदी, मग त्या रुंदीला साजेशी रिम आणि शेवटी ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते.

हिशेब समजायला एकच गाडी धरू. पहिल्या पिढीच्या बहुतेक टोयोटा जीटी ८६ ना कंपनीकडून २१५/४५ आर १७ चा टायर येत असे. यात २१५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. रिम १७ इंची, ७ इंच रुंद आणि ईटी ४८ ऑफसेटची (ईटी हे ऑफसेटचेच माप). तुमची गाडी वेगळी असेल तर तिचे आकडे घ्या, रीत हीच.

इंच वाढवले, पण साइडवॉल तशीच ठेवली

मापातला मधला आकडा मिलिमीटर नसून टक्के आहे, हे लक्षात न घेतल्याने सर्वाधिक गोंधळ होतो. २१५/४५ मध्ये साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची २१५ च्या ४५ टक्के, म्हणजे ९६.७५ मिमी. वर आणि खाली मिळून १९३.५. त्यात १७ इंच, म्हणजे ४३१.८ मिमी मिळवले की पूर्ण व्यास ६२५.३ मिमी येतो. नवा टायर या आकड्याच्या जवळ राहिला पाहिजे.

आता १८ इंची रिम घेऊन २२५/४५ आर १८ टायर बसवला तर व्यास ६५९.७ मिमी होतो, मूळच्या साडेपाच टक्के जास्त. मधला ४५ जुना, ओळखीचा आणि म्हणून बरोबर असणार, असे वाटून हा टायर घेतला जातो. पूर्वी खऱ्या १०० च्या वेगाला काटा जिथे असायचा, तिथेच काटा असताना गाडी आता १०५.५ ने धावत असते. गिअरिंगही बदलते. ४.१ चा फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचे शेवटचे गिअर-गुणोत्तर) ३.८९ सारखा वागू लागतो, म्हणजे गाडी उचल घ्यायला मंद होते. शिवाय टायर सर्व बाजूंनी १७ मिमीने वाढल्यामुळे स्टेअरिंग पूर्ण वळवताच तो लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) भिडतो.

याच गाडीवर २१५/४० आर १८ चा व्यास ६२९.२ मिमी येतो, फरक ०.६ टक्के. १७ इंचीच रिम ठेवून २४५/४० घेतला तर ६२७.८, फरक ०.४ टक्के. २२५/४० आर १८ चा ६३७.२ होतो. हा १.९ टक्क्यांचा फरक चालवून घेता येईल, पण मजा नाही. तीन टक्क्यांपर्यंत चालते असे सर्रास सांगितले जाते. साध्या गाडीला ते ठीक आहे. स्पोर्ट्स कारमध्ये चाकाभोवती जागाच कमी असते आणि गिअरिंग नेमके जुळवलेले असते, तिथे दीड टक्क्याच्या आत राहावे. व्यास घटला तरी नुकसान आहेच. घटलेल्या व्यासाच्या निम्म्याने गाडी खाली येते आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो.

रिमची रुंदी आणि टायरची रुंदी यांचा मेळ न घालणे

प्रत्येक मापाच्या टायरला चालणाऱ्या रिमच्या रुंदीची ठरलेली मर्यादा असते आणि ती टायर कंपनीच्या तक्त्यात मिळते. २१५/४५ आर १७ ला ७ ते ८ इंच, २२५/४५ आर १७ ला ७ ते ८.५, २४५/४० आर १७ ला ८ ते ९.५. म्हणजे मूळच्या ७ इंची रिमवर २४५ चा टायर बसतच नाही असे नव्हे, मशीनवर तो चढतो. मात्र साइडवॉल आत दाबल्या जातात, टायरचा मधला भाग फुगतो, मधेच जास्त झिजतो आणि वळणावर स्टेअरिंगला उत्तर उशिरा मिळते. जास्त पकड मिळावी म्हणून केलेला खर्च उलटा लागतो.

याच्या उलट रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची हौस. ती आम्हाला अजिबात पटत नाही. ताणलेल्या टायरची बीड (रिमवर बसणारी टायरची आतली कड) रिमवर तिरकी टेकते. जोरात वळताना हवा थोडी जरी कमी असली तरी बीड सुटून हवा एकदम जाऊ शकते. रिमची कड टायरच्या बाहेर आल्यामुळे पहिला ओरखडा रिमलाच बसतो, तो वेगळा.

रुंदीबद्दल दोन बारकावे. तक्त्यात दिलेली टायरची रुंदी एका ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमीने रुंद होतो. दुसरे म्हणजे, रिमची ७ किंवा ८ इंच ही रुंदी बीड बसते त्या जागेतली आतली रुंदी असते. कडेपासून कडेपर्यंत मोजली तर जवळपास एक इंच जास्त भरते. जुनी रिम घेताना बाहेरून टेप लावून ८ इंच आले म्हणून ८ ची समजू नका, ती ७ ची असू शकते.

वेगवेगळ्या कंपन्यांचे २४५ एकसारखेही नसतात. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरचे खांदे चौकोनी असतात, त्यामुळे तेच माप जास्त जागा खाते. एका कंपनीच्या टायरला मडगार्डपासून ४ मिमी अंतर उरले म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या टायरलाही उरेलच असे नाही.

ऑफसेटचा आकडा एकटा वाचणे

ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागाचे मिलिमीटरमधले अंतर. आकडा जितका मोठा, तितके चाक आत. इथवर सगळ्यांना माहीत असते. रिम रुंद झाली की तोच ऑफसेट ठेवूनही चाक आत आणि बाहेर दोन्हीकडे वाढते, याचा मात्र विसर पडतो.

रीत सोपी आहे. रिमची रुंदी मिलिमीटरमध्ये करा, तिचा अर्धा भाग घ्या. त्यातून ऑफसेट वजा केला की हबपासून बाहेरचे अंतर, मिळवला की आतले अंतर. मूळची ७ इंची ईटी ४८ रिम बाहेर ४०.९ आणि आत १३६.९ मिमी. तिच्या जागी ८.५ इंची ईटी ४५ लावली तर बाहेर ६२.९५, आत १५२.९५. म्हणजे बाहेर २२ मिमी वाढ आणि आत स्ट्रटकडे (चाकामागच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबाकडे) १६ मिमी. तीच रिम ईटी ३५ ची घेतली तर बाहेर ३२ मिमी वाढते, आत मात्र फक्त ६. आत काय मोकळे आहे हे मोजल्याशिवाय या दोन्हींतली कोणती बसेल ते कळत नाही.

मोजायचे ते जुने चाक गाडीवर असताना. पुढच्या चाकामागे हात घालून टायर आणि स्ट्रटमधले अंतर घ्या आणि मग साइडवॉलपासून मडगार्डच्या वळलेल्या कडेपर्यंतचे. रिमच्या फरकात टायरच्या रुंदीतल्या वाढीचा निम्मा भाग मिळवायला विसरू नका. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये स्ट्रट चाकाबरोबरच वळतो, म्हणून आत ५-६ मिमी उरले तरी भागते. मडगार्ड आणि लायनर मात्र जागचे हलत नाहीत. तिथले अंतर स्टेअरिंग वळवून आणि चाक वर दाबून दोन्ही प्रकारे बघावे लागते.

कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाची, जागा वेगळीच. १८ इंची रिम आहे म्हणजे मोठा कॅलिपर मावेलच, असा भरवसा धरू नका. स्पोकचा बाक आत वळलेला असेल तर तो कॅलिपरला घासतो. टायर न चढवता नुसती रिम हबवर लावून हाताने एक फेरा फिरवा, चहूकडून किमान ३ मिमी अंतर हवे. टायर चढवलेली रिम सहसा कोणी परत घेत नाही, म्हणून हे त्याआधीच करायचे.

एक्सएल लिहिले आहे म्हणून निर्धास्त राहणे

लोड इंडेक्सचा, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याचा, भाग जरा किचकट आहे, पण टाळू नका. मूळ २१५/४५ आर १७ चा इंडेक्स ८७, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. २१५/४० आर १८ मध्ये साधा टायर ८५ चा मिळतो, त्याची क्षमता ५१५ किलो. हा मूळपेक्षा कमी पडतो, तेव्हा तो या गाडीला नको. एक्सएल, म्हणजे जास्त भारासाठी बनवलेला टायर, घेतला तर ८९, म्हणजे ५८० किलो. आकड्यावरून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

खरी गोम हवेच्या दाबात आहे. युरोपीय मानकाप्रमाणे साधा टायर आपली पूर्ण क्षमता २.५ बारला गाठतो, एक्सएल २.९ बारला. दोन्हींत २.४ बार हवा भरली तर ८७ चा साधा टायर सुमारे ५२७ किलो पेलतो आणि ८९ चा एक्सएल ५०० च्या आसपासच. तेवढीच क्षमता हवी तर एक्सएलमध्ये साधारण २.६ बार, म्हणजे ३७-३८ पीएसआय लागते. दरवाज्याच्या चौकटीवरचा दाब मूळ टायरसाठी असतो. माप बदलल्यावरही तोच भरत राहिलात तर साइडवॉल जास्त वाकते, तापते, टायरच्या दोन्ही कडा झिजतात, आणि ३५-४० च्या साइडवॉलला खड्ड्यात रिमची कड सहज चेमटते. नव्या टायरचा नेमका दाब कंपनीच्या भार तक्त्यात बघा.

रिमवरही कमाल भार कोरलेला असतो. कार रिकामी असतानाच्या वजनाशी तो ताडून बघू नका. एका अॅक्सलवर जास्तीत जास्त जो भार मान्य आहे, त्याच्या निम्म्याहून तो कमी नसावा. आकडाच कोरलेला नसेल तर ती रिम घेऊ नये. टायरवरच्या कमाल वेगाच्या अक्षराबाबत एवढेच की एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किमी प्रतितास, आणि मूळ अक्षराच्या खाली उतरायचे नाही.

पुढे एक, मागे दुसरे

मागे रुंद टायर लावायला हरकत नाही, पुढच्या-मागच्या व्यासांचे मूळ गुणोत्तर मात्र टिकले पाहिजे. पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ ही जोडी घ्या. ६३७.२ आणि ६३५.७, जवळपास सारखे. मागे २५५/४० लावला तर ६६१.२ होतो, पुढच्यापेक्षा पावणेचार टक्के जास्त. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चाकांच्या वेगांची तुलना करतात. एवढा फरक त्यांना चाक घसरल्यासारखा वाटतो, मग दिवे लागतात किंवा इंजिनची ताकद विनाकारण कापली जाते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर हा फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलला किंवा क्लचला सतत सोसावा लागतो, ते तापून खराब होतात. तिथे चारही टायरची झीजसुद्धा जवळजवळ सारखी ठेवावी लागते.

बसवल्यावर काय बिघडले ते ओळखणे

टायर कुठे घासला आहे ते नीट पाहिले की कारण कळते. आतल्या साइडवॉलवर गोल चकचकीत रेघ असेल तर टायर स्ट्रटला लागतो आहे. ऑफसेट कमी हवा, किंवा ३ ते ५ मिमीचा स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायची चकती) लागेल. फक्त पूर्ण वळवल्यावर आवाज येत असेल तर लायनरचा पुढचा किंवा मागचा भाग बघा, तिथे व्यास नडतो आहे. खड्ड्यात किंवा मागे माणसे बसल्यावरच घासत असेल आणि खूण बाहेरच्या खांद्यावर असेल, तर मडगार्डची कड लागते आहे. ही तपासणी रस्त्यावर करण्यापेक्षा स्प्रिंग काढून, चाक जॅकने बंपस्टॉपपर्यंत (सस्पेन्शन वर जाताना शेवटी अडवणाऱ्या रबरापर्यंत) वर नेऊन केलेली बरी. कडेला मऊ मातीचे गोळे चिकटवले तर किती अंतर उरले ते ठशावरून मोजता येते.

स्पेसर लावताना आटे मोजा. जीटी ८६ च्या स्टडला (चाकाचा नट ज्यावर बसतो त्या बोल्टला) १२ मिमी व्यास आणि १.२५ मिमीचे आटे आहेत, म्हणजे ५ मिमीच्या स्पेसरने नटचे चार फेरे कमी होतात. नट किमान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे, इथे साडेनऊ ते दहा फेरे. कमी भरत असतील तर लांब स्टड बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

ठरावीक वेगालाच स्टेअरिंग थरथरत असेल आणि बॅलन्सिंग बरोबर असेल, तर रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे आहे का ते बघा. या गाडीचा हब ५६.१ मिमीचा आहे. मोठ्या भोकाच्या रिमला त्या मापाची रिंग लागते. नटचा उतार रिमच्या बैठकीशी जुळतो ना, हेही तेव्हाच पाहावे. गोल बैठकीच्या रिमवर ६० अंशांचा शंकूचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होतो.

गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्यांत ओढली जाऊ लागली तर दोष अलाइनमेंटचाच असेल असे नाही. टायर रुंद झाला आणि ऑफसेट बराच घटला की असे होते. टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेरचा तिरपेपणा) नव्याने जुळवल्यावर ते कमी होते, पण ईटी ४८ वरून ३५ वर आल्यावर पूर्वीसारखे सरळ चालणे मिळणार नाही, तेवढे गृहीत धरूनच ती रिम घ्या.

नट टॉर्क रेंचनेच आवळा, आकडा गाडीच्या पुस्तकातला. ८० ते १०० किमी चालवल्यावर थंड चाकावर पुन्हा तपासा. त्याच वेळी टॉर्च घेऊन चारही लायनर आणि आतल्या साइडवॉल बघून घ्या. घासण्याच्या खुणा तोवर उमटलेल्या असतात.